तुम्ही विचारलंत म्हणून: भारत नसलेल्या मॅचेस मी का बघते

"आपल्या मुलींनी वर्ल्डकप आणला, आता थायलंड विरुद्ध नेपाळ कसलं बघत बसता हो?" हा प्रश्न मला सोसायटीत विचारतात, ऑफिसात विचारतात, आणि सुट्टीच्या दिवशी क्लबच्या मॅचेसना स्कोअरिंग करायला जाते तिथे तर हमखास विचारतात.

2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला हरवलं, तेव्हा माझाही घसा बसला होता. सांगलीची स्मृती माझीही लाडकी आहे. पण खरं सांगू? भारत त्या स्पर्धेत असणारच होता. हरला असता तरी पुढच्या खेपेला पुन्हा असणारच. ज्यांना स्पर्धेत शिरण्यासाठीच खेळावं लागतं त्यांची मॅच बघायला लागलं की अंगात येतं, आणि ते एकदा आलं की उतरत नाही.

महिलांच्या 2026 च्या टी20 वर्ल्डकपचंच घ्या. इंग्लंडमधल्या स्पर्धेत बारा जागा. त्यातल्या आठ आधीच गेलेल्या, उरल्या चार. त्या चारांसाठी आधी खंडाखंडातली पात्रता फेरी, मग तिथून वर आलेल्यांची आणखी एक फेरी. आशियाची फेरी मे 2025 मध्ये बँकॉकला झाली. संघ नऊ आणि पुढे जाणार दोन. तीन-तीनचे गट, म्हणजे गटात दोनच मॅचेस. त्यातली एक पावसात वाहून गेली तर वर्षभराच्या सरावाचं काय होतं, हे तुम्हीच बघा.

थायलंडचं वेड मला लागलं त्याला एक पुणेरी कारणही आहे. 2018 च्या शेवटाला या संघाचे प्रशिक्षक झाले ते आपल्या पुण्याचे हर्षल पाठक. त्या संघातल्या बऱ्याच मुली सॉफ्टबॉल सोडून क्रिकेटकडे आलेल्या, कर्णधार सॉर्नारिन टिपॉचसुद्धा. 2019 मध्ये आधी आशियाची पात्रता आणि मग स्कॉटलंडमधली मुख्य पात्रता पार करून त्या 2020 च्या टी20 वर्ल्डकपला ऑस्ट्रेलियात पोचल्या. सिडनीत पाकिस्तानविरुद्ध नत्थाकन चँथमने 56 केल्या, संघाच्या 150 झाल्या, आणि नंतर पाऊस आला. निकाल नाही.

तरी तो पाऊस परवडला. 2021 चं झिंबाब्वेतलं हरारे आठवलं की मी आजही चिडते. न्यूझीलंडमधल्या पन्नास षटकांच्या वर्ल्डकपची पात्रता चालू होती. 25 नोव्हेंबरला थायलंडने बांगलादेशला हरवलं. दोन दिवसांनी कोरोनाच्या ओमायक्रॉनमुळे स्पर्धा मध्येच गुंडाळली. ते समजण्यासारखं आहे, विमानं बंद व्हायची वेळ आली होती. पण मग जागा कुणाला द्यायच्या? नियम म्हणाला, क्रमवारीप्रमाणे. थायलंडला वनडेचा दर्जाच नव्हता, म्हणजे त्यांच्या पन्नास षटकांच्या मॅचेस अधिकृत वनडे धरल्याच जात नव्हत्या, त्यामुळे त्यांचं नाव क्रमवारीत असण्याचा प्रश्नच नव्हता. पाकिस्तान, वेस्ट इंडीज आणि बांगलादेश न्यूझीलंडला गेले. हो, तेच बांगलादेश! थायलंडला वनडेचा दर्जा मिळाला मे 2022 मध्ये, वर्ल्डकप उरकल्यावर. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

आता तुम्ही म्हणाल, खेळाच्या दर्जाचं काय? काही मॅचेस अगदीच एकतर्फी होतात, ते मी नाकारत नाही. 2021 मध्ये युरोपच्या फेरीत नेदरलँड्सच्या फ्रेडरिक ओव्हरडाइकने फ्रान्सविरुद्ध 3 धावांत 7 बळी घेतले. आंतरराष्ट्रीय टी20त एका डावात सात बळी तोवर पुरुषांतही कुणी घेतले नव्हते. फ्रान्स सर्वबाद 33. जून 2022 मध्ये मलेशियात एकोणीस वर्षांखालच्या मुलींच्या पात्रता फेरीत नेपाळचा संघ आठ धावांत आटोपला. संघाच्या आठ! युएईच्या महिका गौरने 2 धावा देऊन 5 बळी टिपले आणि सात चेंडूंत मॅच संपली. ही महिका पुढच्याच वर्षी इंग्लंडकडून खेळली. आणि नेपाळ? त्याच वयोगटाच्या 2025 च्या वर्ल्डकपला नेपाळ पात्र ठरलं. स्कोअरबुकात आठचा आकडा बघून हसणाऱ्यांनी ही दुसरी नोंदही बघावी.

बँकॉकच्या फेरीतली एक मॅच मात्र सगळ्यांना माहीत असते, कारण तिची बातमी मोबाईलवर फिरली. "दहाच्या दहा रिटायर्ड आउट? हा काय पोरखेळ?" असं मला विचारतात. रिटायर्ड आउट म्हणजे फलंदाजाने स्वतःहून डाव सोडून जाणं; तो बाद धरला जातो. झालं ते असं. 10 मे 2025, युएई विरुद्ध कतार. सोळा षटकांत युएई बिनबाद 192. ईशा ओझाच्या 55 चेंडूंत 113, तीर्था सतीशच्या 74. आकाश भरून आलेलं. निकाल लागायचा तर कतारची किमान पाच षटकं व्हायलाच हवीत, आणि टी20त कसोटीसारखा डाव घोषित करून मध्येच थांबवता येत नाही. मग काय, दोघी सलामीच्या रिटायर्ड आउट झाल्या आणि बाकीच्या पॅड बांधून ओळीने मैदानात यायच्या आणि एकही चेंडू न खेळता परत जायच्या. आठ जणींच्या नावापुढे भोपळा. डाव संपला, सर्वबाद 192. नंतर कतार 29 वर सर्वबाद, युएई 163 धावांनी विजयी.

स्कोअरर म्हणून सांगते, असा कागद भरणं म्हणजे शिक्षा आहे. फलंदाजीच्या बाजूला दहा बळी आणि गोलंदाजीच्या रकान्यांत एकही नाही, कारण रिटायर्ड आउटचा बळी कुणाच्या नावावर चढत नाही. नवखं पोरगं असेल तर तीनदा बेरीज करत बसेल.

पण पोरखेळ म्हणू नका. खिलाडूवृत्तीची आठवण त्यांना करून देणाऱ्यांनी आधी गटात दोनच मॅचेस ठेवणाऱ्यांना विचारावं. समोर दोन गुण पाण्यात जाताना दिसत असतील तर चार षटकं आणखी झोडपत बसायचं? कर्णधाराने नियमात बसणारी वाट काढली, आणि ती काढायला डोकं लागतं. माझ्या मते टी20तही डाव घोषित करायची मुभा द्यावी. ती विचित्र परेड तरी वाचेल.

इतकं करूनही युएईला जागा मिळाली नाही. शेवटच्या तीन संघांत त्या पोचल्या, पण पुढच्या दोन जागा थायलंड आणि नेपाळने घेतल्या. मग 2026 च्या सुरुवातीला नेपाळमध्ये दहा संघांची मुख्य पात्रता झाली. तिथून इंग्लंडचं तिकीट मिळालं बांगलादेश, आयर्लंड, स्कॉटलंड आणि नेदरलँड्सला. थायलंड राहिलं, आणि घरच्या मैदानावर खेळूनही नेपाळ राहिलं. त्यांना आता पुन्हा खालच्या पायरीपासून सुरुवात करावी लागेल, आणि त्या मॅचेस लागल्या की मला फोन करू नका.