तेओतिवाकानची घरे : मागून जाणाऱ्यांसाठी रोखठोक सूचना

मेक्सिको सिटीला जाऊन तेओतिवाकान या जवळच्या प्राचीन नगराचे अवशेष पाहण्याचा बेत असलेल्या मराठी प्रवाशांना, विशेषतः अमेरिकेतून लांब सप्ताहान्त साधून येणाऱ्या कुटुंबांना, माझे पहिले सांगणे हे आहे की शहरातून निघणाऱ्या एका दिवसाच्या गाईडसह सहलीने तिथे जाऊ नका. आम्ही ज्या सहलीचे पैसे भरले तिच्या माहितीपत्रकात प्राचीन नगरातील लोकांचे जगणे आणि मरणे दाखवण्याचे आश्वासन होते. प्रत्यक्षात ऊन चढण्यापूर्वीचा, म्हणजे त्या ठिकाणी सर्वांत मोलाचा वेळ ऑब्सिडियनच्या, म्हणजे ज्वालामुखीतून बनलेल्या काळ्या काचेच्या, वस्तूंच्या दुकानात गेला. तिथे मॅग्वेच्या, म्हणजे घायपातीसारख्या झाडाच्या, पानातून धागा कसा काढतात ते दाखवले, त्याच झाडाच्या आंबवलेल्या रसाचा, पुल्केचा, घोट दिला आणि मग काळ्या काचेची कासवे विकायला सुरुवात झाली. त्यानंतर दोन पिरॅमिड, छायाचित्रांसाठी थांबे आणि ठरलेल्या उपाहारगृहात शहरापेक्षा कितीतरी महाग जेवण, एवढ्यात दिवस संपला. हे नगर ज्यांनी उभारले ते लोक ज्या घरांत राहिले आणि ज्या घरांच्या फरशीखाली पुरले गेले, त्यांपैकी एकही घर आम्हाला दाखवले नाही. विचारल्यावर ती पर्यटकांसाठी बंद असतात असे उत्तर मिळाले, ते खोटे होते. दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतः बसने गेलो तेव्हा तेपान्तित्ला, तेतित्ला आणि आतेतेल्को ही घरांची तिन्ही संकुले उघडी होती. फक्त साकुआला आणि यायावाला यांना कुलूप होते.

ही घरे पाहण्याचा आग्रह मी का धरतो, हे सांगणे आवश्यक आहे. ख्रिस्तपूर्व शेवटच्या शतकापासून इ.स. 550 च्या सुमारास मध्यवर्ती इमारती जाळल्या जाईपर्यंत हे नगर नांदत होते, आणि भरभराटीच्या काळात सुमारे 20 चौरस किलोमीटर क्षेत्रात लाखभर माणसे राहत होती. पुरातत्त्वज्ञ रेने मिलॉन यांच्या चमूने 1960 च्या दशकात संपूर्ण नगराचा नकाशा तयार केला, तेव्हा त्यात दोन हजारांहून अधिक निवासी संकुले नोंदली गेली. नमुन्याचे संकुल प्रत्येक बाजूने साधारण 60 मीटर असते: बाहेरून खिडक्या नसलेली सलग भिंत, आत उघडे चौक, चौकांभोवती ओसऱ्या आणि खोल्या, मुख्य चौकात पूजेचा ओटा आणि फरशीखालून पावसाचे पाणी वाहून नेणारी गटारे. जुना मराठी वाडा ज्याने आतून पाहिला आहे त्याला ही रचना समजावून सांगावी लागत नाही, कारण एका भिंतीआड अनेक बिऱ्हाडे आणि प्रत्येकाची चूल वेगळी हाच इथलाही नियम होता. प्राचीन जगात सामान्य कारागिरांना चुन्याच्या गिलाव्याची आखीव घरे मिळाल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. सर्व घरे सारखी नव्हती हेही खरे. दक्षिणेकडच्या त्लाहिंगा भागातील कुंभारांच्या संकुलात कच्च्या विटा आणि गोटे पुष्कळ वापरले होते. तरीही ओझ्याची जनावरे आणि चाकाच्या गाड्या नसताना सुमारे 60 किलोमीटरवरच्या तुला परिसरातून चुना माणसांच्या पाठीवर आणला गेला, हे त्या गुळगुळीत जमिनीवर उभे राहिल्यावर जितके पटते तितके पिरॅमिडच्या पायथ्याशी पटत नाही.

आता या संकुलांमधल्या रस्त्याविषयी, कारण आमच्या दिवसाचा सर्वांत वाईट भाग तोच होता आणि त्याची पूर्वकल्पना कोणीही दिली नव्हती. तेपान्तित्ला सूर्य-पिरॅमिडच्या ईशान्येला सुमारे 500 मीटरवर आहे, तर तेतित्ला आणि आतेतेल्को पश्चिमेला, कुंपणाच्या बाहेर, प्रवेशाच्या पहिल्या दरवाजापासून वायव्येला सुमारे एक किलोमीटरवर आहेत. नकाशावर हे अंतर किरकोळ वाटते. आम्ही तेपान्तित्लाहून भर दुपारी निघालो, आणि दरवाजावरच्या माणसाने दहा मिनिटांची वाट सांगितल्यामुळे उत्तरेकडून वळसा घालणारा बाहेरचा वर्तुळाकार रस्ता धरला. तो रस्ता गोट्यांचा आहे, पायवाट नाही, सावली नाही, आणि पर्यटकांच्या गाड्या अंगावरून गेल्यासारख्या जातात. जागा समुद्रसपाटीपासून सुमारे 2,300 मीटर उंचीवर असल्यामुळे हवा थंड वाटते आणि ऊन मात्र कातडी भाजते. टोपीखालूनही माझी मान सोलून निघाली. अर्ध्या वाटेत पाणी संपले, टाचा दुखू लागल्या, आणि नाइलाजाने थांबवलेल्या टॅक्सीवाल्याने उरलेल्या तुकड्यासाठी मेक्सिको सिटीहून येण्याच्या बसभाड्याहून अधिक पैसे मागितले. आम्ही ते दिले, कारण माझ्या पत्नीला चालवत नव्हते. या रस्त्याला माझा निर्णय स्पष्ट आहे: सकाळी अकरानंतर त्यावर पाऊल ठेवू नका आणि टॅक्सीत बसण्यापूर्वी भाडे ठरवा.

क्रम उलटा ठेवल्यास हा सगळा त्रास टळतो. सकाळी लवकर उत्तरेकडच्या मुख्य बसस्थानकावरून, म्हणजे मेट्रोच्या आउतोबुसेस देल नोर्ते स्थानकाशेजारून, बस पकडा. तिकीट काढताना ‘लास पिरामिदेस’ असेच म्हणा, कारण सान हुआन तेओतिवाकान गावात जाणाऱ्या बसने अवशेषांपाशी थेट पोहोचता येत नाही. तासाभरात पहिला दरवाजा येतो. तिथे तिकीट काढा, बाहेर जाऊन पुन्हा आत येता येईल ना हे खिडकीवर विचारून घ्या, आणि आधी पश्चिमेकडची दोन संकुले पाहा. त्यानंतर सिउदादेला हा मोठा बंदिस्त चौक, मृतांचा मार्ग हा नगराचा मुख्य रस्ता, सूर्य-पिरॅमिडजवळचे संग्रहालय आणि शेवटी तेपान्तित्ला असे सरळ चालत जाता येते. तिकीट फेकू नका, ते प्रत्येक ठिकाणी पाहतात. परतीची बस कोणत्या दरवाजाशी थांबते हे उतरतानाच चालकाला विचारा.

तेतित्लाचे उत्खनन पुरातत्त्वज्ञ लॉरेट सेजूर्ने यांनी केले. आत शिरताच पहिल्यांदा गोंधळल्यासारखे होते, कारण खोल्या, बोळ आणि छोटे चौक एकमेकांत गुंतलेले आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या भिंती बदलल्याच्या खुणा जागोजाग दिसतात. घाई करू नका. तांबड्या रंगातली हिरवे दागिने घातलेली देवता आणि तिच्या हातांतून गळणारी रत्ने नजर स्थिरावल्यावरच उलगडतात. आतेतेल्कोमध्ये पांढऱ्या चौकाच्या ओसऱ्यांत जग्वार आणि कोयोटी (लांडग्यासारखे प्राणी) यांची मिरवणूक रंगवलेली आहे, आणि दुसऱ्या चौकाच्या मध्यभागी मंदिराची छोटी प्रतिकृती असावी असे पूजास्थान आहे. पूर्ण प्रवासात मला सर्वांत आवडलेली जागा हीच, आणि आम्ही होतो तोपर्यंत तिथे दुसरा एकही पर्यटक आला नाही. भित्तिचित्रांवर फ्लॅश वापरू देत नाहीत.

तेपान्तित्लाच्या प्रसिद्ध चित्राविषयी अपेक्षा बेताची ठेवा. पाण्याने भरलेल्या डोंगराभोवती खेळणारी, गाणारी, फुलपाखरांमागे धावणारी, काठीने चेंडू मारणारी छोटी माणसे त्यात आहेत. पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासो यांनी 1942 मध्ये या चित्राला पर्जन्यदेवतेचा स्वर्ग म्हटले. पुढच्या अनेक अभ्यासकांना हा अर्थ मान्य नाही, आणि मलाही ती माणसे मेलेली वाटली नाहीत. मूळ रंग इतके फिकट झाले आहेत की तयारी न करता गेलेला माणूस पाच मिनिटांत बाहेर पडतो. मेक्सिको सिटीतील राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालयात याची पूर्ण रंगांतली प्रतिकृती आहे. ती आधी पाहून मगच इथे या.

मृत्यूचा भाग या घरांत डोळ्यांना दिसत नाही, तो माहीत करून घेऊनच जावे लागते. संकुलातील मृतांना बहुधा खोलीच्या किंवा चौकाच्या जमिनीत खड्डा करून, गुडघे छातीशी घेतलेल्या अवस्थेत, भांडी, ऑब्सिडियन आणि कधी अभ्रक यांच्यासह पुरत, आणि वर पुन्हा गिलावा करून त्याच जमिनीवर पुढची पिढी राहत असे. नवजात अर्भके कधी मातीच्या वाडग्यात ठेवून पुरलेली सापडतात. रिबेका स्टोरी यांनी त्लाहिंगातील कुंभारांच्या सांगाड्यांचा अभ्यास करून दाखवले की बालमृत्यूचे प्रमाण फार मोठे होते, आयुर्मान कमी होते आणि बाहेरून माणसे येत राहिल्याशिवाय या नगराची लोकसंख्या टिकणे कठीण होते. ही माणसे खरोखरच दुरून येत होती. पश्चिम कडेच्या त्लाइलोत्लाकान वस्तीत दक्षिण मेक्सिकोतील ओआहाकाकडच्या लोकांनी आपल्या पद्धतीची थडगी आणि थडग्यांत ठेवायचे मातीचे कलश पिढ्यान्‌पिढ्या जपले. लिंडा मान्सानिया यांनी ओस्तोयावाल्को येथील संकुलात जमिनीच्या गिलाव्यातील रासायनिक अंशांवरून स्वयंपाकघर कोणते आणि कोठार कोणते हे वेगळे काढले; तीन बिऱ्हाडे, ससे पाळल्याच्या खुणा आणि सशाची दगडी मूर्ती तिथे मिळाली. या जागा पर्यटकांना पाहायला मिळत नाहीत, पण त्यांची माहिती मनात असेल तर तेतित्लाच्या रिकाम्या खोलीत चूल कुठे असेल आणि आजोबा कुठे पुरले असतील याचा विचार आपोआप सुरू होतो. माझ्या मते ही तयारी गाईडच्या मानधनाहून जास्त उपयोगी आहे.

सिउदादेलातील पिसाऱ्याच्या सर्पाच्या मंदिराखालचा मृत्यू वेगळ्या जातीचा आहे. 1980 च्या दशकात रुबेन काब्रेरा, साबुरो सुगियामा आणि जॉर्ज काउगिल यांच्या उत्खननात तिथे गटागटाने पुरलेले बळी मिळाले. अनेकांचे हात पाठीमागे बांधलेले होते आणि कित्येकांच्या गळ्यात मानवी जबड्यांच्या माळा होत्या, काही खऱ्या आणि काही शिंपल्यातून कोरलेल्या. मंदिराखाली दोनशेच्या आसपास माणसे पुरली गेली असावीत असा अंदाज आहे. घरातल्या जमिनीखाली जपलेला मृत आणि राज्याने हात बांधून पुरलेला मृत हे एकाच नगराचे आहेत, आणि हा फरक एका दिवसात पायी चालून अनुभवता येतो, म्हणूनच मी इतका आग्रह धरतो आहे. स्थळावरच्या संग्रहालयात या दफनांची मांडणी आणि काचेच्या जमिनीखाली नगराची मोठी प्रतिकृती आहे. तिथे सावली आणि थंडावाही आहे. भर दुपारचा वेळ तिथेच काढा.

शाकाहारी मंडळींनी घेवड्याची उसळ मागवण्यापूर्वी डुकराची चरबी आहे का, म्हणजे ‘मान्तेका’ आहे का, हे विचारावे. नोपालची, म्हणजे निवडुंगाच्या पानांची, भाजी आणि भोपळ्याच्या फुलांची केसादिया (सारण भरून दुमडलेली पोळी) दरवाजांबाहेरच्या साध्या टपऱ्यांवर चांगली मिळते. रविवारी मेक्सिकन नागरिकांना प्रवेश मोफत असतो, त्यामुळे त्या दिवशी अजिबात जाऊ नका. जून ते सप्टेंबर दुपारनंतर पाऊस गाठतो, तेव्हा पश्चिमेकडची संकुले सकाळी उरकण्याला दुप्पट महत्त्व आहे. राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असते. म्हणून शनिवारी संग्रहालय आणि सोमवारी तेओतिवाकान अशी जोडी जमवा, आणि पाणी माणशी दोन लिटरपेक्षा कमी घेऊ नका.