हार नेमकी कुठून सुरू झाली?

मॅच हरल्यावर का हरलो हे दोन मिनिटांत शोधता आलं, तर तो गेम चांगला. माझी कसोटी एवढीच आहे. कारण सापडलं तर पुढची मॅच वेगळी खेळता येते. सापडलं नाही तर माणूस टीममेटला नाहीतर पिंगला (नेटच्या विलंबाला) दोष देत बसतो आणि वर्षभराने त्याच रँकवर असतो. स्ट्रॅटेजी आणि शूटर हे दोन प्रकार एकमेकांपासून फार लांबचे मानले जातात, पण या कसोटीपुरते ते अगदी जवळचे आहेत. दोन्हीकडे लढाई शेवटी दिसते, पण तिचा निकाल बहुतेक वेळा आधीच्या हिशोबातच लागलेला असतो.

सुरुवात एज ऑफ एम्पायर्स २ पासून. गेम मूळचा १९९९ चा, पण २०१९ ला डेफिनिटिव्ह एडिशन आली आणि अजूनही तिच्यात नवीन सिव्हिलायझेशन (खेळायला निवडायच्या संस्कृती) येत आहेत. रिअल-टाइम स्ट्रॅटेजी (पाळी नसलेली, सगळं एकाच वेळी चालणारी) शिकायला मला तरी याच्यापेक्षा चांगला गेम दिसत नाही, कारण इथे सगळं मोजता येतं. एका व्हिलेजरला (काम करणाऱ्या गावकऱ्याला) ५० फूड लागतं आणि तो २५ सेकंदांत तयार होतो. म्हणजे टाउन सेंटर (व्हिलेजर तयार करणारी मुख्य इमारत) न थांबता चालवायचं तर सेकंदाला २ फूड हवं. शेतावरचा माणूस अपग्रेड नसताना सेकंदाला साधारण ०.३३ फूड आणतो. म्हणजे एका टाउन सेंटरसाठी सहा शेतं. तीन टाउन सेंटर टाकली तर अठरा शेतं, आणि एक शेत ६० लाकडाचं, म्हणजे नुसत्या शेतांनाच १०८० लाकूड. कॅसल एजला (गेममधल्या तिसऱ्या टप्प्याला) पोचल्या पोचल्या तीन टाउन सेंटर उभी करून मग 'फूड संपलं' म्हणणाऱ्याने हा गुणाकार केलेला नसतो.

याच हिशोबात नाइट (घोडेस्वार) घालून बघा. एक नाइट म्हणजे ६० फूड आणि ७५ सोनं, वेळ ३० सेकंद. ते तयार करणारे दोन स्टेबल (तबेले) अखंड चालवायचे तर सेकंदाला ४ फूड आणि ५ सोनं. त्यात टाउन सेंटरचं २ फूड मिळवलं की फूड झालं ६, म्हणजे शेतावर अठरा माणसं. सोन्याच्या खाणीतला माणूस सेकंदाला साधारण ०.३८ आणतो, म्हणजे तिथे तेरा. एकतीस माणसं इथेच लागली आणि लाकडावर अजून कोणीच नाही. आता बहुतेकांचा खेळ आठवा: तीसेक व्हिलेजर, दोन स्टेबल, आणि दोन्ही अर्धा वेळ रिकामे. तितक्या माणसांत एकच स्टेबल नीट चालतो. दुसऱ्यावर घातलेलं १७५ लाकूड तेव्हा शेतांवर घातलं असतं तर पाच मिनिटांनी नाइट जास्त निघाले असते.

घरांचंही तसंच. घर २५ लाकडाचं, त्यात पाच जण मावतात. एक टाउन सेंटर आणि दोन स्टेबल चालू असतील तर मिनिटाला सहाच्या वर माणसं-घोडे तयार होतात, म्हणजे दर ४५-५० सेकंदांना एक घर. एका माणसाला घर बांधायला २५ सेकंद लागतात. म्हणून 'जागा नाही' असा इशारा आल्यावर घर टाकायला घेतलं की सगळं उत्पादन तेवढा वेळ ठप्प. लोकसंख्येचा आकडा मर्यादेपासून चार-पाचवर आला की घर टाकायचं, आणि दोन स्टेबल झाले की एकदम दोन.

हरल्यावर रेकॉर्डेड गेम उघडा आणि लढाई सोडून द्या. पहिल्या पंधरा मिनिटांत टाउन सेंटर किती वेळ रिकामं होतं तेवढं बघा. एक मिनिट रिकामं म्हणजे जवळपास अडीच व्हिलेजर कमी, आणि ते शेवटपर्यंत कमीच राहतात. 'एच' दाबून टाउन सेंटर आणि टिंबाच्या कीने रिकामा व्हिलेजर, या दोन कीज हाताला बसल्या तरी मोठा फरक पडतो. घोडेस्वारांना भालेवाले कुठे आडवे घालायचे वगैरे डावपेच नंतर.

सिव्हिलायझेशन ७ (११ फेब्रुवारी २०२५) माझ्या कसोटीवर अर्धाच उतरतो. त्यातल्या काही गोष्टी मला मनापासून आवडल्या. सैन्य कमांडरमध्ये भरून एकत्र हलवता येतं, त्यामुळे वीस तुकड्या एकेक करून सरकवण्याचा जुना त्रास गेला. नवी वस्ती आधी टाउन असते, तिचं उत्पादन सोन्यात बदलतं, आणि सोनं मोजून तिचं शहर करायचं की नाही हा खराखुरा निर्णय आहे. प्रत्येक टाउनचं शहर करत सुटलात तर सोनं आटतं. वस्त्यांची मर्यादा ओलांडली की समाधान घसरतं. हे सगळं कळतं, मोजता येतं.

बिघडतं ते युग बदलताना. अँटिक्विटी, एक्सप्लोरेशन आणि मॉडर्न अशी तीन युगं, आणि गेम आला तेव्हाच्या नियमांप्रमाणे प्रत्येक वेळी नवी सिव्हिलायझेशन निवडायची. चालू युद्धं संपतात, राजधानी सोडून बाकीची शहरं पुन्हा टाउन होतात. पुढे पळालेल्याला मागच्यांनी गाठावं हा हेतू समजतो. पण ऐंशी टर्न (पाळ्या) नीट खेळून मिळवलेली आघाडी स्वतःची चूक नसताना जाते, तेव्हा त्यातून शिकायचं काय? नंतरच्या अपडेटमध्ये सैन्य जिथल्या तिथे राहू देणारा पर्याय आला. गेम सुरू करतानाच तो निवडा. आणि युगाच्या प्रगतीच्या टक्केवारीवर डोळा ठेवा, कारण ती नुसत्या टर्नने वाढत नाही. कोणीही, तुमच्या प्रतिस्पर्ध्यानेसुद्धा, लेगसीचा (त्या युगाच्या ठरलेल्या उद्दिष्टांचा) टप्पा गाठला की ती उडी मारते. वेढा घातलेलं शहर दोन टर्नांवर असताना युग संपलं तर ते शहर गेलंच. त्यामुळे शेवटच्या टप्प्यात नवा वेढा घालूच नये, हातातला संपवावा.

टर्न-बेस्ड (पाळीपाळीने खेळायच्या) गेममध्ये माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक गेम अजूनही इन्टू द ब्रीच आहे. २०१८ चा, आठ बाय आठचा पट, तुमचे तीन मेक (लढाऊ यंत्रमानव), आणि शत्रू पुढे कुठे मारणार हे आधीच पटावर दाखवलेलं. चाल चुकली तर ती तुमचीच. याउलट एक्सकॉम २ मध्ये सोप्या पातळ्यांवर गेम तुमच्या नेमबाजीला गुपचूप मदत करतो. स्क्रीनवर ६५ टक्के दिसतात, प्रत्यक्षात शक्यता त्याहून जास्त असते. खेळाडूला बरं वाटावं म्हणून केलेलं आहे, पण त्याने अंदाज बिघडतो. मग कठीण पातळीवर गेल्यावर खरे ६५ टक्के अन्यायाचे वाटतात. ६५ टक्क्यांचे दोन नेम ओळीने चुकण्याची शक्यता १२ टक्के असते, म्हणजे एका मोहिमेत हे घडणारच. नेम चुकला तर आपला सैनिक आडोशाला आहे ना, हे नेम धरायच्या आधी बघायचं.

आता शूटर. काउंटर-स्ट्राइक २ (सप्टेंबर २०२३) मध्ये पाच-पाच जणांच्या दोन टीम असतात आणि प्रत्येक राउंडआधी गेममधल्या पैशांनी शस्त्रं घ्यायची. त्यात मॅच तीस ऐवजी चोवीस राउंडची झाली, आधी तेरा जिंकेल तो विजयी. सहा राउंड कमी झाले म्हणजे पैशातली एक चूक आता जास्त महाग पडते, आणि बहुतेक टीम हरतात त्या इथेच.

हिशोब बघा. सुरुवातीला हातात ८०० डॉलर. पिस्तुलाचा राउंड सगळे खर्च करून हरलात तर १९०० मिळतात. दुसरा राउंड काही न घेता सोडला आणि हरलात, तर आणखी २४००. तिसऱ्या राउंडला हातात ४३००. टेररिस्ट बाजूला एके-४७ २७०० ची, चिलखत-हेल्मेट १००० चं, वर उरलेल्या ६०० मध्ये ३०० चा स्मोक (धुराचा ग्रेनेड) आणि २०० चा फ्लॅश (डोळे दिपवणारा). दुसऱ्या बाजूला एम४ए१-एस २९००, चिलखत-हेल्मेट १०००, बॉम्ब निकामी करायचं डिफ्यूज किट ४००, बरोबर ४३००. म्हणजे दुसरा राउंड संयमाने सोडला तर तिसऱ्याला पाचही जण पूर्ण सज्ज. तेच दुसऱ्या राउंडला दोघांनी राहवत नाही म्हणून १५००-१६०० उडवले, तर तिसऱ्याला तिघे पूर्ण सज्ज आणि दोघे अर्धवट. असा अर्धवट राउंड हरला की चौथाही अर्धवट. स्कोअर ०-४ होतो आणि सगळे म्हणतात नेम लागत नाहीये.

याला अपवाद आहे. टेररिस्टांनी पिस्तूल राउंडला बॉम्ब लावला आणि तरी हरले, तर प्रत्येकाला जास्त पैसे मिळतात. तेव्हा दुसऱ्या राउंडला पाचही जणांनी मिळून फोर्स करणं (पैसे कमी असतानाही शस्त्रं घेणं) रास्त आहे. मिळूनच. एकट्याने कधीच नाही. लागोपाठ हरत गेलात तर भत्ता ५००-५०० ने वाढत ३४०० वर थांबतो, आणि एक राउंड जिंकल्यावर तो एकदम खाली न येता पायरीने उतरतो. पिस्तूल राउंड जिंकलात तर दुसऱ्या राउंडला रायफलच्या मागे धावू नका. एमपी९ किंवा मॅक-१० (छोट्या, स्वस्त मशीनगन) ने मारल्यावर माणशी ६०० मिळतात, रायफलने ३००. समोर चिलखत नसताना त्या पुरतात.

नेमाचा भाग थोडक्यात. धावताना गोळी नेमक्या जागी जात नाही, म्हणून डावीकडे जाताना उजवीची की क्षणभर दाबून थांबायचं आणि मगच ट्रिगर. हे कीबोर्डकडून आपोआप करून घेणं गेम बनवणाऱ्या व्हॉल्वने ऑगस्ट २०२४ पासून आपल्या सर्व्हरवर बंद केलं, आणि योग्यच केलं. ते खेळाडूचं कौशल्य आहे. क्रॉसहेअर (नेमाची खूण) डोक्याच्या उंचीवर ठेवा. एके-४७ ची एक गोळी हेल्मेटमधूनही जीव घेते, एम४ ची घेत नाही, त्यामुळे एम४ वाल्याने दुसरी गोळी गृहीत धरूनच उभं राहायचं. आणि नवा स्मोक जागेच्या आकाराप्रमाणे पसरतो, ग्रेनेडने त्यात क्षणभर भोक पडतं. स्मोकच्या मागे निर्धास्त उभं राहण्याचे दिवस गेले. मला हा या गेममधला सगळ्यात चांगला बदल वाटतो.

हेलडायव्हर्स २ (२०२४) मध्ये चार जणांची टीम आणि आपलीच गोळी आपल्याच माणसाला लागते. म्हणून मेल्यावर कारण नेहमी समोर दिसतं. मॅगझिन बदललं की उरलेल्या गोळ्या वाया जातात. शूटर खेळणाऱ्यांची दर तीन गोळ्यांनी रीलोड करायची सवय इथे दहा मिनिटांत दारूगोळा संपवते. आणि मेलेल्याला परत बोलवायचा क्रम पाठ हवा: वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, वर. गर्दीत स्क्रीन वाचायला वेळ नसतो.

डूम: द डार्क एजेस (मे २०२५) एकट्याने खेळायचा. हिरव्या रंगात दिसणारा हल्ला ढालीने परतवायचा, यावर सगळी लढाई उभी आहे. तो परतवायला किती वेळ मिळावा, गेमचा वेग किती, शत्रूच्या गोळ्यांचा वेग किती, हे वेगवेगळं ठरवता येतं. 'सोपा-मध्यम-कठीण' या तीन खणांपेक्षा हे कितीतरी चांगलं. सगळ्याच गेमनी उचलावं. मात्र हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब करायची सोय) नसलेल्या ग्राफिक्स कार्डवर तो चालतच नाही, १० आणि १६ सीरीजच्या जीटीएक्स कार्डवाल्यांनी घेऊ नये.

बॅटलफील्ड ६ (ऑक्टोबर २०२५) ला सिक्युअर बूट (कॉम्प्युटर सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर उघडू देणारी सोय) चालू लागतं. इथे घाईने बायोसमध्ये जाऊन बटण फिरवणाऱ्यांचं विंडोज उघडत नाही. कारण बहुधा डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असते. आधी एमएसइन्फो३२ उघडून बायोस मोड बघा. तिथे 'लेगसी' असेल तर डेटाचा बॅकअप, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवणं, मग एमबीआर२जीपीटी (डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत नेणारं विंडोजमधलं साधन) ने आधी नुसती तपासणी आणि ती पास झाली तरच रूपांतर. त्यानंतर बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद, मग सिक्युअर बूट चालू. क्रम उलटा केला तर अडकलात.

एक शेवटचं. कारण खेळात शोधायचं असेल तर मशीनमधली कारणं आधी काढून टाकायला हवीत. विंडोजमधला 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' बंद करा, त्याने हात हलवण्याच्या वेगानुसार अंतर बदलतं. काउंटर-स्ट्राइकमध्ये ८०० डीपीआय (माउसची स्वतःची सेटिंग) आणि गेममधली सेन्सिटिव्हिटी १ असेल तर पूर्ण गोल फिरायला माउस ५२ सेंटीमीटर सरकवावा लागतो. ३० ते ६० च्या मधला कुठलाही आकडा चालतो, पण एकदा ठरला की महिनाभर हलवू नका. व्हॅलोरंटमध्ये तोच हात हवा असेल तर आकडा ३.१८ ने भागा, एपेक्स लेजंड्समध्ये तसाच टाका.

१४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन विंडोज ६० वरच चालवणारे खूप आहेत. डिस्प्लेच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन बघा. ६० वर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, १४४ वर ६.९ ची. ग्राफिक्स कार्ड सतत ९९ टक्क्यांवर राहिलं तर फ्रेम रांगेत थांबतात आणि माउस जड वाटतो. जी-सिंक (मॉनिटरचा वेग फ्रेमशी जुळवणारी सोय) असेल तर ड्रायव्हरमध्ये व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगावर रोखणारी सेटिंग) चालू, गेममध्ये बंद, आणि रिफ्लेक्स (विलंब कमी करणारी एनव्हिडियाची सेटिंग) चालू ठेवा. १४४ च्या मॉनिटरवर रिफ्लेक्स फ्रेम आपोआप १३८ च्या आसपास रोखतो. रिफ्लेक्स नसलेल्या गेममध्ये १४१ ची मर्यादा हाताने घाला. तेवढेही फ्रेम मिळत नसतील तर आधी सावल्या आणि व्हॉल्युमेट्रिक धुकं खाली आणा, टेक्स्चर शेवटी. कार्डची मेमरी पुरत असेल तोवर टेक्स्चरने वेग फारसा पडत नाही.