रिटर्न एअर ५.८

१२ जानेवारी २०२४, शुक्रवार. पहाटे अमेरिका आणि ब्रिटनने येमेनमधल्या हूथी बंडखोरांच्या तळांवर हल्ले केले होते. दुपारी अटल सेतूचं उद्घाटन होतं, म्हणून नवी मुंबईत जड वाहनं अडवली होती. त्यात दिंडोरीहून निघालेला द्राक्षांचा चाळीस फुटी रीफर, म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर, कळंबोलीच्या अलीकडे अडकला. रात्री उशिरा तो बंदराजवळ द्रोणागिरीतल्या आमच्या यार्डात आला, तेव्हा स्क्रीनवर सप्लाय एअर, म्हणजे मशीन आत सोडतं ती हवा, ० आणि रिटर्न एअर, म्हणजे मालातून फिरून परत येते ती, ५.८ अंश दिसत होतं.

द्राक्षं पाठवणाऱ्या मालकाचा फोन आला. बंदोबस्तात जेनसेटचं, म्हणजे रस्त्यात रीफरला वीज देणाऱ्या जनरेटरचं, डिझेल संपलं, दोन तास मशीन बंद होतं, त्याचाच हा परिणाम, असं त्यांचं म्हणणं. उद्याचा कटऑफ, म्हणजे जहाजासाठी डबा बंदरात पोचवायची शेवटची वेळ, चुकवू नका, यार्डातल्या विजेचा प्लग लावला की तापमान उतरेल.

मला ते पटेना. दोन तासांत डब्यातली हवा तापते, पण १३ टन द्राक्षांचा गर तापत नाही. रीफरच्या कंट्रोलरमधून तापमानाच्या नोंदी डाउनलोड केल्या. दिंडोरी सोडतानाच रिटर्न ६.१ होतं, म्हणजे थांबण्याच्या कितीतरी आधी. माल भरतानाच गरम होता.

जिथे माल पॅक होऊन भरला, त्या पॅकहाउसच्या सुपरवायझरला फोन लावला.

"साहेब, शीटवर पल्प, म्हणजे गराचं तापमान, साडेतीन लिहिलंय."

"भाऊ, कुठल्या बॉक्सचा?"

"वरच्या थरातला, कडेचा."

वरचा कडेचा बॉक्स सगळ्यात आधी गार होतो. थर्मामीटरची सुई घालायची ती पॅलेटच्या मधल्या थरातल्या आतल्या बॉक्समध्ये, मण्याच्या गरापर्यंत, आणि तीही दोन-तीन पॅलेटना. तिथे १ अंशाच्या आसपास आल्याशिवाय प्रीकूलिंग, म्हणजे डब्यात भरण्याआधी माल गार करणं, थांबवू नये. याला सहसा सहा-आठ तास लागतात, या लॉटला पाच दिले होते. रीफर थंडी टिकवतो, गरम माल गार करणं त्याचं काम नाही. खालच्या टी-फ्लोअरमधून, म्हणजे डब्याच्या खाचा असलेल्या तळातून, येणारी हवा गच्च रचलेल्या पॅलेटच्या मधोमध पोहोचतच नाही.

आदल्या हंगामात असा डबा कदाचित निभावला असता. सुएझमार्गे रॉटरडॅम बावीस-पंचवीस दिवसांवर होतं. नोव्हेंबर २०२३मध्ये हूथींनी लाल समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' जहाज ताब्यात घेतलं, डिसेंबरच्या मध्यापासून मोठ्या जहाज कंपन्या सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागल्या, आणि तोच प्रवास पस्तीसच्या पुढे गेला. हे वाढलेले दिवस ग्रेप गार्डवर येतात. बॉक्समधला हा पॅड ओलावा लागला की सल्फर डायऑक्साइड सोडतो: एक थर लगेच, दुसरा हळूहळू, आठवडेच्या आठवडे. गरम मण्यांभोवती थंड हवा आली की पिशवीत पाणी सुटतं आणि पॅड घाईने रिकामा होतो. सुरुवातीला जास्त गॅसने देठाजवळ मणी पांढरे पडतात, शेवटी गॅस उरत नाही म्हणून करडी बुरशी धरते. दुसरं नुकसान नेमकं त्या वाढीव दिवसांत होतं, समुद्रात, जिथे कुणी काही करू शकत नाही.

रात्रभर डबा प्लगवर ठेवला. दहा तासांनी रिटर्न ५.१. एवढ्यावर मालकांना स्पष्ट सांगितलं, हा डबा चढवू नका. ते चिडले, आणि चिडणं रास्त होतं. जहाजावर जागा मिळणं तेव्हा मुश्कील होतं, भाडं रोज चढत होतं.

शेवटी कस्टमची परवानगी काढून बॅक टू टाऊन केलं, म्हणजे निर्यातीचा डबा परत बाहेर आणला. शीतगृहात सील तोडलं. दारापासून तिसरं पॅलेट, मधला बॉक्स: ५.४. पॅड हाताला ओला लागत होता, पिशवीच्या आत थेंब. मणी अजून कडक होते, देठ हिरवे. सगळा माल पुन्हा प्रीकूल केला, मधल्या बॉक्सचा पल्प ०.८ आल्यावर पिशव्या आणि पॅड बदलले. हे काम गार खोलीतच करायचं, बाहेर केलं की पुन्हा पाणी सुटतं. डबा पुढच्या आठवड्याच्या जहाजावर चढला. बंदरात गेट इन, म्हणजे प्रवेश, करताना रिटर्न ०.९ होतं.