दोन डॉलरांपायी बाकावर बसलेला रनिंग बॅक

2024 च्या हंगामात मी पहिल्यांदाच कार्यालयातील सहकाऱ्यांच्या फँटसी फुटबॉल लीगमध्ये संघ घेतला. खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बांधायचा आणि मैदानातल्या त्यांच्या कामगिरीवरून आपले गुण मोजायचे, असा हा खेळ. न्यू जर्सीत राहून दहा वर्षे झाली होती आणि दर सोमवारी जेवणाच्या टेबलावर चालणारी चर्चा ऐकून ऐकून एनएफएल, म्हणजे अमेरिकी फुटबॉलची व्यावसायिक लीग, मला बऱ्यापैकी समजू लागली होती. बारा संघ, प्रत्येकाला खोटे 200 डॉलर आणि त्यांत सोळा खेळाडू, एवढे कळल्यावर ‘हा तर आपला आयपीएलचा लिलाव’ असे मला वाटले आणि मी होकार कळवून टाकला. लीगची सतरा पानी नियमावली मात्र मी वाचली नाही. पुढचे सगळे त्यातूनच घडले, हे आधीच कबूल करतो.

लिलाव 25 ऑगस्टच्या रविवारी झाला आणि तो सुरळीत पार पडला, त्यामुळे त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. एकच गोष्ट नवख्याने ध्यानात ठेवावी. प्रत्येक रिकाम्या जागेसाठी किमान एक डॉलर राखून ठेवावा लागतो, म्हणून सोळा जागा रिकाम्या असताना पहिल्या खेळाडूवर 200 नव्हे, जास्तीत जास्त 185 डॉलरांचीच बोली लावता येते. ही कमाल मर्यादा पडद्यावर दिसत असते आणि लिलावाच्या शेवटच्या तासात आपल्या शिलकीपेक्षा प्रतिस्पर्ध्याची ही मर्यादा पाहणे अधिक उपयोगाचे ठरते, कारण त्याची मर्यादा चार असेल तर पाच डॉलरांत खेळाडू आपला झालाच. मी सॅन फ्रान्सिस्कोचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, ख्रिश्चन मॅकॅफ्री 68 डॉलरांना घेतला. तो पोटरीच्या दुखापतीमुळे सराव करत नव्हता, हे मला ठाऊक होते, तरीही घेतला. लिलाव संपला तेव्हा माझे 199 डॉलर खर्च झाले होते आणि त्या काटकसरीचा मला अभिमान वाटत होता.

सोमवारी, 9 सप्टेंबरला, जेट्सविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात मॅकॅफ्री खेळणार नसल्याचे सामना सुरू होण्याच्या जेमतेम दीड तास आधी कळले. त्याच्या जागी उतरलेल्या जॉर्डन मेसनने 147 यार्ड धावून एक टचडाउन केला, म्हणजे चेंडू एकदा प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला. दहा यार्डांना एक आणि टचडाउनला सहा अशा हिशेबाने हे वीसहून अधिक गुण झाले, आणि आमच्या लीगमध्ये मेसन कोणाच्याही संघात नव्हता. रात्री साडेअकराला बाराही संघमालक जागे असणार, याविषयी मला शंका नव्हती.

हंगाम सुरू झाल्यावर खेळाडू घेण्याची पद्धत लिलावाहून वेगळी आहे. प्रत्येकाला वर्षभरासाठी आणखी 100 डॉलर मिळतात, मंगळवारी मध्यरात्रीपर्यंत प्रत्येक जण बंद पाकिटात टाकावी तशी आपली बोली भरतो आणि बुधवारी पहाटे पाकिटे फुटतात. दुसऱ्याने किती लावले हे तोवर कोणालाच दिसत नाही, आणि जिंकणाऱ्याला स्वतःची पूर्ण बोली मोजावी लागते. बोलीबरोबरच जागा करण्यासाठी कोणाला सोडणार, तेही सांगावे लागते. मी मेसनसाठी 20 डॉलर लावले आणि पाच डॉलरांचा एक रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, सोडायला ठेवला. बुधवारी पहाटे साडेपाचला उठून पाहिले, तर मेसन माझ्या संघात आला होता. दुसऱ्या क्रमांकाची बोली 13 होती. सात डॉलर उगाच गेल्याची हळहळ वाटली, पण चहा मात्र त्या दिवशी गोड लागला.

सकाळी नऊ वाजता कमिशनरचा, म्हणजे लीग चालवणाऱ्या आमच्याच एका सहकाऱ्याचा, संदेश आला की तुमचा व्यवहार रद्द केला आहे, कारण तुमचा संघ कॅपच्या दोन डॉलर वर गेला आहे.

ही कॅप आमच्या लीगची घरगुती भर होती. लिलाव 200 डॉलरांचा असला, तरी हंगामात कोणत्याही क्षणी संघातील सर्व खेळाडूंचे वेतन मिळून 215 च्या वर जाता कामा नये, आणि बंद बोलीत मोजलेली रक्कम हेच नव्या खेळाडूचे वेतन धरले जाते. माझा हिशेब सरळ होता. 199 मधून सोडलेल्या रिसीव्हरचे पाच वजा केले आणि मेसनचे 20 मिळवले की 214 होतात. परंतु नवव्या पानावर असे लिहिले होते की सोडलेल्या खेळाडूचे निम्मे वेतन, अपूर्णांक आल्यास वरचा पूर्णांक धरून, हंगामाच्या अखेरीपर्यंत तुमच्या खात्यावर राहील. पाचाचे निम्मे अडीच, त्याचे झाले तीन, आणि बेरीज झाली 217. यालाच ते डेड मनी म्हणतात. खऱ्या एनएफएलमध्येही हा प्रकार आहे. तिथे करारावर सही करताना दिलेला बोनस पुढच्या अनेक वर्षांवर विभागलेला असतो आणि खेळाडूला मध्येच काढले की उरलेला बोजा संघाच्या कॅपवर येऊन पडतो. त्याच वर्षी मार्च महिन्यात डेन्व्हरने रसेल विल्सनला सोडले, तेव्हा दोन वर्षांत मिळून सुमारे साडेआठ कोटी डॉलरांचा असा बोजा त्यांनी पत्करला होता. पण 2024 मध्ये त्यांची कॅप 25 कोटी 54 लाख डॉलरांची होती आणि हिशेबाला पगारी माणसे होती. आमच्याकडे एक तक्ता होता, जो कमिशनर फुरसतीने हाताने भरत असे. संकेतस्थळाला फक्त 100 डॉलरांची शिल्लक कळत होती, कॅप कळत नव्हती, म्हणूनच त्याने माझी बोली निमूटपणे स्वीकारली. मी 18 लावले असते, तर बेरीज बरोबर 215 झाली असती आणि मेसनही मिळाला असता. हे मला आजही झोंबते.

नियमावलीत एक पळवाट होती. खेळाडू अधिकृत जखमी यादीत गेला, तर तो तिथे असेपर्यंत त्याचे निम्मे वेतन कॅपमधून वगळले जाते. मॅकॅफ्रीचे निम्मे म्हणजे 34 डॉलर, आणि मला हवे होते दोन. त्यासाठी एक ऑनलाइन अर्ज भरायचा होता. त्यात सहा प्रश्न होते आणि पाचव्या प्रश्नात खेळाडूची स्थिती तीन पर्यायांतून निवडायची होती. ‘पहिला सामना खेळला नाही, पुढचाही बहुधा खेळणार नाही, पण यादीत अजून नाव नाही’ हा पर्याय त्यांत नव्हता. मी त्यातल्या त्यात जवळचा पर्याय निवडला, तर सहाव्या प्रश्नाने अधिकृत घोषणेचा दुवा मागितला. मी एका बातमीचा दुवा दिला. गुरुवारी उत्तर आले की बातमी ही घोषणा नसते. मुद्दा बरोबर होता, त्यामुळे अधिकच राग आला.

मेसनला तोपर्यंत गोठवून ठेवावे, म्हणजे तो ना मला, ना 13 डॉलरवाल्याला, एवढी तरी विनंती मान्य झाली. निर्णय मात्र तीन जणांच्या समितीने घ्यायचा होता आणि त्या तिघांतला एक स्वतःच तो 13 डॉलरवाला निघाला. त्याने बाजूला व्हावे, असे मी शक्य तितक्या सौम्य शब्दांत सुचवले आणि तो लगेच झाला. त्याचा बदली सदस्य मात्र डोंगरात तंबू ठोकून बसला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. शुक्रवार असाच गेला. एका खोट्या पैशाच्या खेळासाठी मी दिवसातून चौदा वेळा फोन पाहत होतो, हे मला दिसत होते, पण हात थांबत नव्हता.

शनिवारी, 14 सप्टेंबरला, सॅन फ्रान्सिस्कोने मॅकॅफ्रीला अधिकृतपणे जखमी यादीत टाकले. आपला 68 डॉलरांचा खेळाडू किमान चार सामने मुकणार, या बातमीने आनंदलेला त्या दिवशीचा मी एकटाच असेन. घोषणेचा दुवा घेऊन मी पुन्हा अर्ज उघडला, तर ‘आपण हा अर्ज आधीच भरला आहे’ अशी एक ओळ समोर आली. अर्ज एका खात्यावरून एकदाच भरता येईल, अशी त्याची मांडणी होती. शेवटी पत्नीच्या खात्यावरून भरला. तासाभराने विचारणा झाली की अर्जदाराच्या नावाचा संघ लीगमध्ये आढळत नाही, तरी खुलासा करावा. मी खुलासा केला.

डोंगरातला सदस्य रविवारी सकाळी खाली उतरला. दोन विरुद्ध शून्य मतांनी मंजुरी मिळाल्याचा संदेश दुपारी 12 वाजून 38 मिनिटांनी आला. मिनेसोटातला सामना आमच्या वेळेनुसार एक वाजता सुरू होणार होता. मॅकॅफ्रीला मी जखमींच्या जागेवर हलवले, त्यामुळे एक जागा मोकळी झाली आणि आता रिसीव्हर सोडण्याचीही गरज उरली नाही. फक्त मेसनला माझ्या संघात टाकायचे होते आणि ते कमिशनरशिवाय कोणालाही करता येत नव्हते. कमिशनर गाडी चालवत होता. तो घरी पोहोचला एक वाजून वीस मिनिटांनी. सामना सुरू झाला की त्यातले खेळाडू संकेतस्थळावर कुलूपबंद होतात, त्यामुळे मेसन माझ्या संघात आला तो थेट बाकावर, जिथल्या खेळाडूचे गुण धरले जात नाहीत, आणि तिथेच बसून त्याने 100 यार्ड आणि एक टचडाउन, म्हणजे सोळा गुण केले. त्याच्याऐवजी उतरवलेल्या माझ्या खेळाडूने पाच केले. तो आठवडा मी नऊ गुणांनी हरलो.

त्यानंतर मी नियमावली वाचली, तीही दोनदा. अशा लीगमध्ये उतरणाऱ्याने बोली ठरवण्याआधी सोडण्याच्या खेळाडूचा हिशेब करावा, कारण एक डॉलरवाल्याला सोडून काहीच वाचत नाही; त्याचा अर्धा डॉलर वर जाऊन पुन्हा एकच होतो. आणि 20 सारखा गोल आकडा कधीही लावू नये. तो आकडा हिशेबातून येत नाही, घाईतून येतो. लिलावाबद्दल सांगायचे राहिले ते असे की आपल्याला नको असलेली मोठी नावे सुरुवातीलाच पुकारावीत, म्हणजे इतरांचे पैसे तिथे संपतात. आणि कमिशनर रविवारी दुपारी कुठे असतो, हे आधी विचारून ठेवावे.

जखमी यादीची सवलत परतही करावी लागते. मॅकॅफ्री 10 नोव्हेंबरला मैदानात परतला, तेव्हा माझे 34 डॉलर पुन्हा खात्यावर आले. मधल्या काळात मी एकेक डॉलरचे तीन खेळाडू अदलाबदल करून घेतले होते, त्यामुळे बेरीज 222 झाली. या वेळी मी चार दिवस आधीच 14 डॉलरांचा एक खेळाडू सोडला, त्याचे सात वाचले, बेरीज बरोबर 215 आली आणि मॅकॅफ्रीसाठी जागाही झाली. कमिशनरने तक्त्यावर हिरवा रंग दिला. त्या हिरव्या चौकोनाचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

पुढे 1 डिसेंबरला बफेलोच्या बर्फात मॅकॅफ्री आणि मेसन दोघेही एकाच सामन्यात जायबंदी झाले. दोघे जखमी यादीत जाणार हे प्रशिक्षकांनी सोमवारी सांगितले. यादीची अधिकृत घोषणा होताच मी दुव्यासह दोन स्वतंत्र अर्ज भरले. कमिशनरने एव्हाना अर्जावरची एकदाच भरण्याची अट काढून टाकली होती, त्याबद्दल कोणी माझे नाव घेतले नाही. मंगळवारी रात्री, आता त्या दोघांच्या जागी उतरणार असलेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्याच आयझॅक गुरेंडोवर मी 27 डॉलर लावले आणि हिशेब कागदावर तीन वेळा तपासला. बुधवारी पहाटे तो माझ्या संघात होता. दुसऱ्या क्रमांकाची बोली किती होती, ते मी मुद्दाम पाहिले नाही.