आज मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून जेवले

पहिले दोन-तीन घास हात उगाच टेबलावर चाचपडत होता. मग हळूहळू चव लागायला लागली. खरंच, किती दिवसांनी!

पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोहोचायला साधारण २० मिनिटं लागतात. एरवी माझं ताट १० मिनिटांत रिकामं, म्हणजे निरोप येण्याआधीच पुन्हा वाढून घेतलेलं असतं. आजही वाढायला चमचा उचलला आणि थांबले. भूक नव्हतीच, नुसती सवय होती.

तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात, त्यामुळे तेवढंच खाऊनही वजन चढू शकतं. पण त्यावर उपाशी राहणं मला कधीच पटलं नाही. स्नायू त्यानेही झिजतात.

चमचा परत भांड्यात ठेवला. उरलेलं उद्या, भूक लागेल तेव्हा.