तुम्ही विचारलंत म्हणून: गोव्यात का नाही?

‘कॅनडात, चीनमध्ये दगडातून अख्खे प्राणी निघतात, डोळ्या-आतड्यांसकट. मग आमच्या गोव्यात का नाही?’ आणि प्रश्नाच्या पाठोपाठ पिशवीतून रिवणकडचा दगड निघतो, वर काळी नाजूक नेच्याची नक्षी.

ती नेचा नाही. मॅंगनीजचं पाणी भेगेत झिरपून सुकलं की असं होतं. दहा पटींचं भिंग लावा: पानाला मधली शीर असते, पर्णिका तिच्यापासून फुटतात. इथे शीरच नाही, फांद्या वाट मिळेल तशा गेल्यात. दगड आडवा फोडला तर रंग भेगेपुरताच, आत कोरं. शिवाय गोव्याचा हा खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुना. जमिनीवर झाडं यायला तेव्हा दोनशे कोटी वर्षं तरी बाकी होती.

पूर्वी मी सांगायचो, ‘आपला खडक जमिनीत भाजून निघालाय, ठसे पुसले गेले.’ सोपं उत्तर, पण लंगडं. कॅनडातली बर्जेसची शिळाही तापलेलीच आहे, तरी त्यात मारेला नावाच्या चिमुकल्या समुद्री प्राण्याचे केसासारखे कल्ले दिसतात. तिथे झालं ते एवढंच: बारीक चिखलाचा लोंढा समुद्रतळावर उतरला, प्राणी क्षणात गाडले, ऑक्सिजन तुटला, कुजणं रखडलं. असे लोंढे गोव्यातही उतरले. दोनापावलचा ग्रेवॅक, म्हणजे वाळू-चिखलाचा करडा खडक, त्यांचाच. थडगं होतं, पुरायला प्राणी नव्हता! बर्जेस ५०.८ कोटी वर्षांची, चीनमधली चेंगजियांग ५१.८. आपल्याकडे त्या जुन्या खडकावर एकदम सत्तरी तालुक्याकडचा दख्खनचा कातळ, साडेसहा कोटींचा. मधली पानंच नाहीत.

‘पण भीमबेटकाला सापडलं ना?’ हेही येतंच. २०२० मध्ये तिथल्या गुहेच्या छताजवळ डिकिन्सोनियासारखा, म्हणजे एका अतिप्राचीन चपट्या, मऊ अंगाच्या प्राण्यासारखा, ठसा दिसला. मधून रेघ, दोन्हीकडे पन्हाळीसारख्या घड्या. पंचावन्न कोटींचा प्राणी म्हणून २०२१ मध्ये शोधनिबंध आला. संरक्षित जागा, हातोडा चालवता येत नाही. सगळा भरवसा आकारावर. दुसऱ्या गटानं जाऊन पाहिलं तर ‘जीवाश्म’ खडकावरून सोलून पडत होता. पन्नास कोटी वर्षं टिकलेली गोष्ट दोन-तीन वर्षांत पापुद्र्यासारखी सुटते कशी? जवळच आग्या मधमाशांची पोळी होती, आणि ठशात षटकोनी घरांच्या खुणा. जुनं पोळं! २०२३ मध्ये ते छापून आलं, आणि मूळ गटाच्या प्रमुखानं चूक मान्य केली. बातमी लागली तेव्हा फोटो बघून मीही खात्रीनं मान डोलावली होती. ते अजून टोचतं. तुमच्या नेच्याला हसायचा हक्क मला किती, कोण जाणे.

आणि ‘गोव्यात काहीच नाही’ हेही मी आता ठणकावून म्हणत नाही. प्राणी नाहीत, एवढं नक्की. पण शेजारी कर्नाटकात धारवाडच्या, म्हणजे आपल्याच खडकाच्या कुळातल्या, खडकांत सूक्ष्मजीवांनी थरावर थर रचलेले दगड, स्ट्रोमॅटोलाइट, मिळालेत. तेव्हा दगड आणा. फक्त फोटो नको. ताजी तुटलेली कड दिसेल असा तुकडा आणा, आणि कुठल्या थरातून काढला ते खडूनं लिहून.