शार्क्स विरुद्ध डक्स: तळाच्या दोन संघांचा सामना बघण्याआधी

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधले सॅन होजे शार्क्स आणि अनाहाइम डक्स एकाच वेळी गाळात असले की त्यांच्या सामन्याकडे बाकीची लीग ढुंकूनही बघत नाही. बे एरिया आणि ऑरेंज काउंटीतले चाहते मात्र वेळापत्रक आलं की पहिली हीच तारीख शोधतात. प्लेऑफ (साखळीनंतरची बाद फेरी) हातचं गेलेलं असतं, पण समोरच्याची जिरवायची हौस गेलेली नसते. त्यात हरण्यातच खरा फायदा आहे हेही सगळ्यांना ठाऊक असतं. अशा संध्याकाळी गोल झाल्यावर टाळ्या वाजवायच्या की कपाळाला हात लावायचा, हा प्रश्न चेष्टेचा राहत नाही.

सनीव्हेल-फ्रीमाँटकडच्या बऱ्याच मराठी घरांत हॉकी म्हटलं की अजून धनराज पिल्लेच आठवतो. त्यांच्यातल्या कुणाला ऑफिसातल्या मित्रानं स्वस्तात तिकीट देऊ केलं असेल, तर हे वाचून जावं.

वैराची पार्श्वभूमी थोडक्यात. शार्क्स १९९१ साली लीगमध्ये आले, डक्स १९९३ साली. डक्सनी २००७ मध्ये स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकलं. कॅलिफोर्नियात आलेला तो पहिला कप. शार्क्स २०१६ मध्ये अंतिम फेरीपर्यंत जाऊन पिट्सबर्गकडून हरले, कप अजून नाहीच. २००९ मध्ये शार्क्स साखळीत अख्ख्या लीगमध्ये अव्वल होते आणि पहिल्याच फेरीत आठव्या मानांकनाच्या डक्सनी त्यांना सहा सामन्यांत घरी बसवलं. त्या सहाव्या सामन्यात पक (खेळायची रबरी चकती) पडताक्षणी शार्क्सचा जो थॉर्नटन आणि डक्सचा रायन गेट्झलाफ यांनी हातमोजे फेकून मारामारी सुरू केली होती. २०१८ मध्ये शार्क्सनी ४-० अशी परतफेड केली. पुढच्या एक-दोन वर्षांत दोघांचीही घसरण लागली.

आता गुणतक्ता, कारण या सामन्याची सगळी गंमत तिथे आहे. जिंकलं की २ गुण. साठ मिनिटांत हरलं की शून्य. बरोबरी होऊन जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरलं तरी १ गुण. तक्त्यातले तीन आकडे या क्रमानं वाचायचे: विजय, साठ मिनिटांतले पराभव, जादा वेळेतले पराभव. शार्क्सचा २०२३-२४ चा मोसम १९-५४-९ होता, म्हणजे १९ दुणे ३८ अधिक ९, एकूण ४७ गुण. ८२ सामन्यांत ४७ म्हणजे ३२ संघांत सगळ्यात खाली. सुरुवातीच्या अकरा सामन्यांत तर एकही विजय नव्हता, आणि त्यातच लागोपाठच्या दोन सामन्यांत त्यांनी प्रत्येकी दहा गोल खाल्ले.

खाली राहण्याचं बक्षीस म्हणजे ड्राफ्ट, म्हणजे नव्या तरुण खेळाडूंची संघांनी पाळीपाळीनं करायची निवड. प्लेऑफ न गाठलेल्या १६ संघांची सोडत निघते आणि जितकं खाली, तितकी पहिला खेळाडू निवडायची शक्यता जास्त. शेवटच्या संघाला १८.५ टक्के, त्यावरच्याला १३.५, मग ११.५, मग ९.५, असं करत तळापासून सोळाव्याला ०.५. यंत्रात १४ चेंडू टाकतात, चार काढतात. त्यातून १००१ जोड्या होतात, एक बाद धरतात, उरलेल्या हजार जोड्या टक्केवारीप्रमाणे वाटून टाकतात. म्हणजे शेवटच्या संघाकडे १८५ जोड्या.

पण इथे एक खोच आहे. २०२२ पासून सोडत जिंकणारा संघ जास्तीत जास्त दहाच जागा वर सरकू शकतो. म्हणजे तळापासून बाराव्या ते सोळाव्या क्रमांकापैकी कुणाचा नंबर लागला, तरी तो पहिल्या जागेपर्यंत पोचत नाही आणि पहिली निवड शेवटच्या संघाकडेच राहते. त्या पाच संघांचे मिळून ७ टक्के होतात. म्हणून शेवटच्याची खरी शक्यता २५.५ टक्के. शिवाय सोडती दोनच (पहिल्या आणि दुसऱ्या निवडीसाठी) निघत असल्यानं तो तिसऱ्या जागेच्या खाली घसरूच शकत नाही. बातम्यांत नुसते १८.५ छापून येतात आणि लोक तेवढंच धरून वाद घालत बसतात.

२०२२-२३ चा तळ बघा. डक्स ५८ गुण, कोलंबस आणि शिकागो ५९, शार्क्स ६०. चार संघ दोन गुणांत कोंबलेले. शार्क्स-डक्स सामना साठ मिनिटांत निकाली लागला, तर एकाला दोन मिळतात आणि दुसऱ्याला शून्य. तोच निकाल उलटा लागला असता, तर दोघांमधल्या अंतरात चार गुणांचा फरक पडतो. शार्क्सचा तसा एखादा विजय डक्सच्या पारड्यात गेला असं धरा: शार्क्स ५८, डक्स ६०. म्हणजे १८.५ आणि ९.५ टक्क्यांची थेट अदलाबदल, आणि तीही एका संध्याकाळीत. सोडतीत शेवटी शिकागोची लॉटरी लागली आणि त्यांनी कॉनर बेदार्डला घेतलं. डक्सना दुसरी निवड मिळाली, लिओ कार्लसन. शार्क्सना चौथी, विल स्मिथ. त्याच मोसमात शार्क्सच्या एरिक कार्लसननं बचावपटू असून १०१ वैयक्तिक गुण (स्वतःचे गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) मिळवले आणि सर्वोत्तम बचावपटूची ट्रॉफी नेली. एकटा माणूस संघाला प्लेऑफपर्यंत नेऊ शकला नाही, पण तळाला जायलाही दिलं नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

पुढच्या वर्षी शार्क्स शेवटचे आले, सोडतही जिंकले आणि मॅकलिन सेलेब्रिनी मिळाला. हा पोरगा लहानपणी सॅन होजेच्याच ज्युनियर शार्क्सकडून खेळलेला. २०२५ मध्ये शार्क्स पुन्हा शेवटचे. या वेळी न्यूयॉर्क आयलंडर्सनी ३.५ टक्क्यांच्या जोरावर पहिली निवड उचलली आणि शार्क्स दुसऱ्यावर आले. तेव्हा मुद्दाम हरायच्या योजनेवर किती भरवसा ठेवायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं.

एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. खेळाडू मुद्दाम हरत नाहीत. बर्फावरच्या तेविशीतल्या पोराला पुढच्या वर्षीचं कंत्राट हवं असतं, आणि ज्याच्यासाठी हरायचं तो उद्या येऊन त्याचीच जागा घेणार असतो. हरण्याची तजवीज होते ती वरच्या ऑफिसात. फेब्रुवारी-मार्चमध्ये चांगले खेळाडू दुसऱ्या संघांना देऊन टाकतात (शार्क्सनी २०२३ मध्ये टीमो मायरला न्यू जर्सीला असंच धाडलं) आणि रिकाम्या जागा खालच्या लीगमधल्या पोरांनी भरतात. शार्क्सची पोरं बाराकुडातून येतात, डक्सची सॅन डिएगो गल्सकडून. म्हणून मार्चनंतरच्या सामन्याला जाणार असाल, तर जानेवारीतली खेळाडूंची यादी डोक्यातून काढून टाका.

कमजोर संघ नेमका कुठे फाटतो, हे बघायला हा सामना उत्तम. पक कुठे आहे हे बघणं थोडं कमी करा आणि तीन जागांवर नजर ठेवा.

पहिली, आपल्या निळ्या रेषेतून (गोलकडचा भाग वेगळा करणारी रेषा) बाहेर पडणं. मैदानी हॉकीतून ऑफसाइड १९९० च्या दशकात गेला, इथे तो आहे. पक निळी रेषा ओलांडण्याआधी हल्ला करणाऱ्या कुणीही आत असायचं नाही. बचाव करणाऱ्याला त्यामुळे दिलासा असा, की पक रेषेबाहेर काढला की सगळ्या हल्लेखोरांना मागे यावं लागतं. चांगला संघ दोन पासमध्ये बाहेर पडतो. कमजोर संघाचा बचावपटू अंगावर कुणी आला की घाबरून पक कडेच्या फळीवरून नुसता ढकलतो, तो समोरच्या बचावपटूच्या काठीवर जातो आणि वेढा पुन्हा सुरू. मग कुणीतरी वैतागून पक लांब भिरकावतो. मधल्या लाल रेषेच्या अलीकडून मारलेला पक थेट पलीकडच्या गोलरेषेपार गेला, तर ते आयसिंग. फेसऑफ (दोघांच्या मध्ये पक टाकून खेळ पुन्हा सुरू करणं) आपल्याच गोलसमोर येतो आणि त्यात भर म्हणजे आयसिंग करणाऱ्या संघाला खेळाडू बदलता येत नाहीत. दमलेले तेच पाच जण, समोर ताज्या दमाचे पाच. अशा फेसऑफनंतर दहा सेकंद तरी मोबाइलमध्ये डोकं घालू नका.

दुसरी जागा, मधला पिरियड (साठ मिनिटांचे वीस-वीसचे तीन पिरियड असतात). एक खेळाडू सलग चाळीस-पंचेचाळीस सेकंदच जोरात पळू शकतो, म्हणून खेळ चालू असतानाच बदल होत राहतात. पहिल्या आणि तिसऱ्या पिरियडमध्ये आपला बाक आपल्या गोलच्या बाजूला असतो. दुसऱ्यात बाजू बदलतात आणि बाक लांब पडतो. स्वतःच्या गोलसमोर अडकलेल्या बचावपटूला बाकापर्यंत पोचताच येत नाही, सव्वा-दीड मिनिट तोच पळत राहतो. अनुभवी संघ यावर एकच उपाय करतो: लाल रेषा ओलांडायची, पक खोल टाकायचा आणि मगच बदल करायचा. पोरांच्या संघात कुणीतरी हमखास आधीच बाकाकडे वळतो आणि समोरच्या दोघांना एकाच बचावपटूविरुद्ध मोकळी वाट मिळते. तळाच्या संघाचा सामना हातून निसटतो तो बहुतेक इथेच.

तिसरी, गोलकीपर. सामन्याआधी अर्धा तास सरावाला संघ बर्फावर येतात, तेव्हा सगळ्यात पुढे जो गोलकीपर येतो तोच बहुधा खेळणार असतो. लागोपाठ दोन रात्री सामने असतील तर दुसऱ्या रात्री बहुधा राखीव गोलकीपर उभा राहतो, त्यामुळे वेळापत्रकात आदल्या दिवशी काय होतं तेही बघून घ्या. शंभरातले नव्वद शॉट अडवणारा आणि अठ्ठ्याऐंशी अडवणारा यांत कागदावर फरक दिसत नाही. पण २०२२-२३ मध्ये डक्सवर सामन्याला ३९ च्या आसपास शॉट येत होते. तेवढ्या शॉटना पहिला साधारण ३.९ गोल खातो, दुसरा ४.७. डक्सचा गोलकीपर जॉन गिब्सनला त्या वर्षी नावं ठेवणारे पुष्कळ होते. त्याच्यासमोर जे चाललं होतं ते बघता, त्यातली निम्मी तरी बचावपटूंच्या नावावर जायला हवी होती.

पॉवर प्लेबद्दल (पेनल्टीमुळे समोरचा एक खेळाडू बाहेर बसतो तो वेळ) फार सांगण्यासारखं नाही. साधी पेनल्टी दोन मिनिटांची, गोल झाला की लगेच संपते. लीगची सरासरी पाचात एक गोल अशी असते. एवढंच बघा की समोरचा एक खेळाडू कमी असताना आपला संघ पक घेऊन आत तरी शिरतोय का. कमजोर संघाचं पहिलं पाऊण मिनिट निळ्या रेषेवरच वाया जातं.

बसायला जागा निवडताना काचेजवळच्या महागड्या खुर्चीचा मोह टाळा. तिथून धडका छान दिसतात, पण पलीकडच्या कोपऱ्यात काय चाललंय ते कळत नाही. वरच्या मजल्यावर, कोपऱ्याकडे बसलं की पाचही जणांची मांडणी एका नजरेत येते आणि पैसेही कमी लागतात. अशा सामन्यांची तिकिटं पुनर्विक्रीच्या ॲपवर शेवटच्या काही तासांत उतरतात, आठवड्याच्या मधल्या दिवशी तर जास्तच. एसएपी सेंटर डिरिडॉन स्टेशनच्या समोरच आहे, त्यामुळे कॅलट्रेननं गेलात तर पार्किंगचे पैसे वाचतात. बाहेर ऊन असलं तरी आत स्वेटर लागतो. खेळ चालू असताना जिन्यावरचा माणूस तुम्हाला थांबवून ठेवील, शिट्टी झाल्यावरच जागेवर सोडील. त्याच्याशी वाद घालू नका. भारतात घरच्यांना बघायचं असेल, तर कॅलिफोर्नियातले संध्याकाळचे सात म्हणजे भारतात दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेआठ, आणि मार्चमध्ये घड्याळं पुढे गेली की साडेसात.

शेवटची पाच मिनिटं आणि बरोबरी असेल, तर खेळ एकदम मवाळ झालेला दिसेल. साठ मिनिटं निभावली की दोघांनाही एकेक गुण नक्की असतो, मग धोका कोण पत्करणार? जादा वेळेत मात्र तिघांविरुद्ध तिघे, पाच मिनिटं, पहिला गोल करील तो जिंकला. एवढ्या मोकळ्या बर्फावर पक हातात ठेवण्यालाच किंमत असते, म्हणून खेळाडू आत शिरून वाट दिसली नाही तर सरळ मागे फिरतात. त्याला भित्रेपणा समजून ओरडू नका. एक फसलेला शॉट म्हणजे उलट्या बाजूला मोकळं रान. सोडतीचा हिशेब करत बसलेल्यांना ही जादा वेळ अजिबात आवडत नाही, कारण इथे हरूनही एक गुण चिकटतो आणि तळाशी चार संघ दोन गुणांत असताना तो एक गुण नको तिथे नेऊन बसवतो. प्रतिस्पर्ध्याला रिकाम्या हातानं पाठवायला आलेल्यांचाही विरस होतो, कारण तोही एक गुण घेऊनच परत जातो.